सीझनच्या मधेच अकॅडमी बदलली: बॅडमिंटन कोचिंगचा चार महिन्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, नाव लिहिणार नाहीये, ना जुन्या अकॅडमीचं ना नव्या. पुणं कितीही वाढलं तरी बॅडमिंटनवाल्यांचं पुणं एका पार्किंगमध्ये मावेल एवढंच आहे, दर टूर्नामेंटला तीच तोंडं, तेच डबे, त्याच फोल्डिंगच्या खुर्च्या. उद्या त्याच सरांसमोर उभं राहायचंय. पण ऑगस्टमध्ये आम्ही बदलाबदली करत होतो तेव्हा मी रात्र रात्र जागून असले रिव्ह्यू शोधत होतो आणि सापडायचं काय, तर 'बेस्ट कोचिंग, मस्ट जॉइन' आणि पाच स्टार. म्हणून हे.

रेटिंग पहिल्यांदा देऊन टाकतो. नवी अकॅडमी, पाचपैकी साडेतीन. आणि सीझनच्या मधे बदलायचा माझा जो निर्णय होता त्याला पाचपैकी अडीच. हे दोन आकडे वेगळे आहेत हेच मला चार महिने कळत नव्हतं.

लेक बारा वर्षांची, अंडर थर्टीनचं शेवटचं वर्ष. हे ज्यांच्या घरी बॅडमिंटन नाही त्यांच्यासाठी सांगतो, वयोगट १ जानेवारीला बदलतो. म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत आपलं पोर गटातलं मोठं, सिनियर, आणि एका रात्रीत अंडर फिफ्टीनमधलं सगळ्यात बारकं. त्यामुळे या वर्षी घाई होती. घाई म्हणजे तिला नव्हती, मला होती.

जुनी अकॅडमी घरापासून ॲक्टिवावर सात मिनिटं. आम्ही धायरीत राहतो, तर सात मिनिटांवर काहीही असणं ही लॉटरीच. तिथे ती आठव्या वर्षी गेली, सरांनी रॅकेट धरायला शिकवली, हरल्यावर हात मिळवून यायचं शिकवलं, आणि खरं सांगायचं तर खेळाची गोडी तिथेच लागली, याचे पैसे कुठल्या फीमध्ये बसत नाहीत. तेव्हा तीन कोर्टवर बारा पोरं होती. यंदा जूनमध्ये मी मोजली, सव्वीस. कोर्ट तीनच. मोठे सर 'एलिट बॅच' घेऊन सारखे टूर्नामेंटला बाहेरगावी, आणि आमच्या बॅचला असिस्टंट दादा, तो स्वतः एकोणीस-वीस वर्षांचा, खेळायला चांगला, पण एका हातात शटल आणि दुसऱ्या हातात मोबाईल. जुलैत एकदा मी मुद्दाम बाकावर बसून मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. दोन तासांच्या सेशनमध्ये लेक प्रत्यक्ष कोर्टवर शटल मारत होती ती एकतीस मिनिटं. बाकीचा वेळ लायनीत उभं राहणं, शटल गोळा करणं, आणि भिंतीकडे तोंड करून शॅडो, म्हणजे शटलशिवाय नुसत्या हालचाली. शॅडो वाईट नाही, पण त्याला साडेचार हजार रुपये महिना कशाला, ती माझ्या हॉलमध्ये फुकट करेल.

त्यातच जुलैत जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्या राउंडला हरली, जिच्याकडून हरली ती मुलगी मागच्या वर्षी हिच्याकडून हरली होती, आणि पालकांच्या ग्रुपवर सुरू झालं. कुणीतरी सायनाचं उदाहरण टाकलंच. ते खरंय, सायनाने सप्टेंबर २०१४ मध्ये हैदराबाद सोडलं, कोच गोपीचंद सोडले, बंगळुरूला विमलकुमारांकडे गेली, आणि २०१५ मध्ये ऑल इंग्लंडची फायनल खेळली, जगात एक नंबर झाली, वर्ल्ड चॅम्पियनशिपला सिल्व्हर आणलं. मग काय, आम्ही पालक लोक पेटलो. कुणी हे नाही बोललं की ती तेव्हा चोवीस वर्षांची होती, लंडनचं ऑलिम्पिक मेडल घरात होतं, कोच बदलायचा हे तिचं तिने ठरवलं होतं. आणि २०१७ मध्ये ती परत गोपीचंदकडे आली हेसुद्धा कुणी नाही बोललं. माझ्या लेकीला कुणी विचारलंच नव्हतं. मीपण नाही. आईने विचारलं होतं, तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." याचा अर्थ 'नाही' असतो हे घरातल्या बाईला कळलं, मला नाही.

नियमांचं काय, तर काहीच अडत नाही. बॅडमिंटनमध्ये नोंदणी खेळाडूची असते, एंट्री संघटनेकडे जाते, अकॅडमी कुठली हा मधे प्रश्नच नाही. आपला डबल्सवाला चिराग शेट्टी मुंबईत उदय पवारांच्या अकॅडमीत घडला आणि नंतर हैदराबादला गोपीचंद अकॅडमीत गेला, म्हणून काय त्याचा महाराष्ट्र सुटला नाही. फुटबॉलवाल्या पालकांचं तसं नाही, त्यांचं पोर फेडरेशनच्या सिस्टीममध्ये क्लबच्या नावाने रजिस्टर असतं, ट्रान्सफरच्या ठराविक विंडो असतात, जुन्या क्लबने अडवून धरलं तर सीझन बाकावर. क्रिकेटमध्ये राज्य बदलायचं तर एनओसी. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळायला मुंबईकडे एनओसी मागितली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घ्यायचा मेल केला, तो एवढा मोठा खेळाडू, त्याचंसुद्धा महिन्यात मन फिरलं. तर मी खूश होतो की आपल्याकडे कसलीच कटकट नाही, कागद नाही, सही नाही, फक्त फी भरायची आणि जायचं. कागद नव्हता म्हणून मी थांबलोच नाही. एखादा फॉर्म असता, जुन्या सरांची सही लागली असती, तर निदान त्यांच्याशी एकदा नीट बोलणं झालं असतं.

बोलणं झालं ते व्हॉट्सॲपवर. मी चार ओळींचा मेसेज टाकला, सरांनी अंगठा टाकला. सहा महिन्यांची फी जूनमध्ये आगाऊ भरलेली, त्यातले चार महिने उरलेले, ती परत मिळणार नाही असं ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, पावतीच्या मागे छापलंय. छापलंय खरं, भिंगाने वाचायच्या साइझमध्ये. अठरा हजार गेले. यावर मी जास्त बोलत नाही, सही मीच केली होती.

आता नवी जागा. बाणेरच्या अलीकडे. धायरीहून म्हणजे नवले पूल, वारजे, चांदणी चौक, आणि हे संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे ज्याने ही वेळ ठरवली त्याने कधी नवले पुलावर गाडी घातली नसणार. जायला पन्नास मिनिटं, यायला चाळीस. पोरगी गाडीत डबा खाते, गाडीत गृहपाठ करते, एकदा गाडीत मराठीचा निबंध लिहिला, 'माझा आवडता छंद', त्यात बॅडमिंटन नव्हतं. चित्रकला लिहिली होती. असो.

फी सात हजार, शटलचे वेगळे. इथे सगळे फेदरच वापरतात, नायलॉन नाही, आणि फेदरचे भाव ज्यांना माहितेत त्यांना माहितेत, प्रॅक्टिसच्या शटलचा डबासुद्धा हजाराच्या वर गेलाय. सोळा पिसांचं ते एवढंसं पाखरू, दोन कडक स्मॅश आणि एक पीस तुटलं की फेक बाजूला. महिन्याला दोन-अडीच हजार शटलचे धरा. म्हणजे पेट्रोल सोडून साडेनऊ. गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा ताणून बसवणं, तिथेच करून मिळतं, हे चांगलं, आणि गटिंगवाला प्रामाणिक आहे, मी चोवीस पाउंड सांगितलं तर म्हणाला, "काका, एवढ्या पोरीला कशाला चोवीस, हात दुखेल, वीस-एकवीसवर करतो." असा माणूस मिळणं अवघड.

कोर्ट सहा, खाली लाकूड आणि वर सिंथेटिक मॅट. हे प्लीज बघत जा. पुष्कळ ठिकाणी मॅट दिसतं हिरवंगार पण खाली सरळ काँक्रीट किंवा फरशी असते, टाच आपटून बघितली की आवाजावरून कळतं, लाकूड पोकळ वाजतं, काँक्रीट वाजतच नाही. आमच्या लेकीची टाच मे महिन्यापासून दुखत होती. जुन्या ठिकाणी 'स्ट्रेचिंग कर' एवढंच. नव्या सरांनी तिसऱ्या दिवशी तिला लंजनंतर, म्हणजे लांब पाऊल टाकून वाकल्यावर, मागे येताना पाहिलं, थांबवलं, बूट काढायला लावले, टाचेच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं, ती कळवळली, आणि मला काचेतून आत बोलावून म्हणाले, "आधी ऑर्थोला दाखवा, मग आणा." डॉक्टरांनी सांगितलं सेव्हर्स आहे, वाढत्या वयात टाचेचं हाड जिथे वाढतं तिथे सूज, उड्या मारणाऱ्या पोरांना होतं, बरं होतं, पण आराम हवा. तीन आठवडे उड्या बंद. सरांनी त्या तीन आठवड्यांत तिला खुर्चीत बसवून नेटवरचं ड्रिबल आणि बॅकहँडचा अंगठा करून घेतला. खुर्चीत बसून. साडेतीनमधले दोन स्टार या एका गोष्टीचे आहेत.

दोन कोर्टला आठ पोरं, मल्टी-शटल, म्हणजे एकामागून एक शटल टाकून मारायचा सराव, रोज, आणि सरांची एक वही, त्यात प्रत्येक पोराचं पान. मी डोकावलो तर आमच्या पानावर लिहिलं होतं, 'टॉस चांगला. मधे परत येत नाही. बापाकडे बघते.' तेव्हापासून मी काचेजवळ बसत नाही, खाली चहाच्या टपरीवर बसतो.

वाईट काय ते पण लिहितो. एक म्हणजे सेशन रद्द झालं तर कळवायची पद्धत नाही, दोनदा आम्ही बाणेरपर्यंत जाऊन कुलूप बघून आलो, तेही रविवारी. मुलींची चेंजिंग रूम नावाला आहे, कडी लागत नाही, तिसऱ्यांदा तक्रार केलीये. फिजिकल ट्रेनर सगळ्या वयाच्या पोरांना एकत्रच पळवतो. आणि सगळ्यात मोठं, तिच्या लेव्हलच्या मुली तिथे दोनच आहेत, बाकी मुलं किंवा एकदम मोठ्या. मोठ्यांकडून रोज एकवीस-सहा हरून शिकायला मिळतं असं म्हणतात, मिळतही असेल, पण बरोबरीच्या पोरीशी एकोणीस-एकोणीसला काय करायचं हे तिथे शिकायला मिळत नाही. जुन्या ठिकाणी ही एक गोष्ट भरपूर होती. गर्दी होती म्हणूनच होती. सव्वीस पोरांमध्ये सहा-सात तिच्या तोडीची होती आणि मी ती गर्दी फक्त लायन म्हणून बघितली.

आणि मग ग्रिप. आमच्या पोरीची ग्रिप तवा धरतात तशी, म्हणजे पोळीचा तवा उचलताना हात असतो ना, तशी. लहान पोरांना ती सोपी पडते, समोरचं शटल थाडथाड बसतं, पण मागच्या कोपऱ्यात बॅकहँडला गेलं की मनगट फिरतच नाही. नवे सर म्हणाले बदलावी लागेल, हात मिळवतो तशी धरायची, आणि आत्ता नाही बदलली तर पंधराव्या वर्षी फार त्रास होईल. शंभर टक्के खरं. पण त्यांनी हे पण सांगितलं होतं, मी कान बंद करून ऐकलं, की सहा ते आठ आठवडे शॉट बाहेर जाणार, स्पर्धा खेळवू नका. मी खेळवल्या. कारण जानेवारी. कारण रँकिंगचे पॉइंट. कारण अठरा हजार बुडवून आलो होतो ते कुठेतरी दिसायला नको?

तीन स्पर्धा, तीन वेळा पहिल्या राउंडला बाहेर. तिसरी हरली तेव्हा परत येताना मागे बसून ती हळूच म्हणाली, "बाबा, मला आधीची ग्रिप तरी येत होती." हेल्मेटमधून नीट ऐकू नाही आलं असं मी दाखवलं. ती पुन्हा बोलली नाही.

ही झाली खेळाची गोष्ट. आता डबल्स. कुठलाच पालक यावर आधी विचार करत नाही आणि अकॅडमीवाला तर सांगणारच नाही. जुन्या ठिकाणी तिची पार्टनर होती, तीन वर्षं एकत्र, दोघी एकमेकींना 'माझं' म्हणून ओरडायच्याच नाहीत, न बोलता कळायचं. मागच्या वर्षी दोघींनी एक सेमी खेळली होती. वेगवेगळ्या अकॅडमीच्या पोरी एकत्र एंट्री करू शकतात, नियम आडवा येत नाही, मी त्या पार्टनरच्या आईला तसं म्हणालोसुद्धा. पण प्रॅक्टिस कुठे करणार, धायरीत की बाणेरला? आणि जुन्या सरांनी त्या मुलीला दुसऱ्या आठवड्यात नवी पार्टनर दिली, त्यात त्यांचं काय चुकलं, त्यांना त्यांची जोडी उभी करायची होती. तिच्या आईचे मेसेज आधी 'हो दादा बघू' असे यायचे, मग नुसते निळे टिक, मग तेही नाही. या ताई चार वर्षं माझ्या पोरीला स्वतःच्या डब्यातला खाऊ द्यायच्या. माझी पोरगी आता डबल्स खेळत नाहीये. सीझनच्या शेवटी बदललं असतं तर हे तुटलं नसतं का, तुटलं असतं कदाचित, पण एक शेवटची स्पर्धा दोघी एकत्र खेळून, सगळ्यांना सांगून तरी झालं असतं. अधेमधे उठून गेलं की उरलेल्यांना वाटतं आपल्याला टाकून गेले.

नोव्हेंबरमध्ये ड्रॉ आला आणि सिंगल्सच्या पहिल्याच राउंडला समोर कोण, तीच, जुनी पार्टनर. दोघींनी हात मिळवताना एकमेकींकडे बघितलं नाही. तिच्या मागच्या खुर्चीत जुने सर. आमचे नवे सर दुसऱ्या कोर्टवर दुसऱ्या मुलाबरोबर, ठरलेलं होतं तसं, सहा पोरांमागे एक कोच म्हटल्यावर हे होणारच. पहिल्या गेममध्ये अकरा पॉइंटला इंटरव्हल झाला, साठ सेकंदांचा, आणि आमची लेक पाणी प्यायला बाजूला न जाता सवयीने सरळ जुन्या सरांकडे निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. हॉलमध्ये एवढा गोंगाट पण मला तो क्षण एकदम शांत आठवतो. सरांनी तिच्याकडे पाहिलं, हाताने खूण केली, पाणी पी, आणि मग वळून स्वतःच्या मुलीशी बोलायला लागले. पुढे खेळ सुरू झाल्यावर ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडत होते, "पाय! पाय!", ते त्या मुलीसाठी होतं, पण दोघींचेही पाय हलत होते.

हरली. एकवीस-सतरा, एकवीस-एकोणीस. पण त्या दुसऱ्या गेममध्ये दोन बॅकहँड क्लिअर असे गेले, मागच्या लाइनपर्यंत, जे तिच्याकडून आयुष्यात कधी गेले नव्हते. नवी ग्रिप. जुने सर पण वळून बघत होते. मॅच झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, चार महिन्यांनी पहिल्यांदा समोरासमोर, म्हटलं सर, सांगायला यायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "ग्रिप चांगली बदललीये. मला वेळ नव्हता झाला." बस्स, एवढंच. यात टोमणा होता की कबुली होती, मला अजून कळलं नाही.

तर बदलायचंच असेल आणि सीझन चालू असेल तर माझ्या चुकांवरून एवढं सांगतो. टाच, गुडघा, खांदा असं काही दुखत असेल आणि कोच ऐकत नसेल, किंवा ओरडणं-मारणं-अपमान असला काही प्रकार असेल, किंवा पोरीला तिथे सुरक्षित वाटत नसेल, तर एक दिवस थांबू नका, सीझन गेला खड्ड्यात. आमच्याकडे टाचेचं कारण खरं होतं, पण आम्ही त्यासाठी बदललं नव्हतं, ते नशिबाने सापडलं. बाकी रँकिंग, ग्रुपवरची चर्चा, अमक्याची मुलगी गेली म्हणून, याला थांबता येतं. ट्रायल एका दिवसाची घेऊ नका, त्या दिवशी सगळेच कोच गोड असतात, आठवडाभर जा आणि तुमचं पोर कोर्टवर किती मिनिटं आहे ते घड्याळ लावून बघा, आणि शेजारच्या कोर्टवर तिच्या वयाची कोण कोण आहेत ते मोजा. नव्या कोचला थेट विचारा, काय काय बदलणार, आणि त्याला किती आठवडे लागणार. तो म्हणाला आठ आठवडे स्पर्धा नको, तर खरंच नको. आणि दोन्हीकडे अर्धं अर्धं ठेवायचा शहाणपणा करू नका, आमच्या ओळखीतल्या एकांनी केलं, सकाळी एक कोच कोपर वर म्हणतोय, संध्याकाळी दुसरा कोपर खाली.

परत जायचं का, हा प्रश्न घरात झाला. मागच्या रविवारी मी पहिल्यांदा लेकीलाच विचारलं, आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बराच वेळ गटिंगच्या तारा बोटांनी सरळ करत बसली, मग म्हणाली, "आता पुन्हा मधेच नको." मग म्हणाली, तिकडची कडी तेवढी बसवायला सांगा.

जानेवारीपासून अंडर फिफ्टीन. नव्या ठिकाणी सहा महिन्यांची एकदम भरली तर दहा टक्के सूट होती. तीन महिन्यांचीच भरलीये, आणि पावती उलटी करून मागची बाजू आधी वाचली.